मनिलाची कोंबडी आणि बैठकीचे जेवण

९ जून १९९१, रविवार. धरणगाव.

सौ. प्रमिला आखाजीला (शुद्ध शब्द: अक्षय्य तृतीया) माहेरी नशिराबादला गेली, ती अजून आलेली नाही. गल्लीतल्या बाकीच्या सुना आल्या. आई म्हणते, जा आणि घेऊन ये. मी म्हणालो, तिला स्वतःहून ओढ वाटली पाहिजे. ओढून आणलेली बायको टिकत नाही.

तिच्या जाण्याला मी कारण नाही, हे येथे नोंदवून ठेवतो. मी फक्त मीठ चमच्याने घालायला सांगितले. ती मुठीने घालते. आखाजीच्या आधी घरी पाहुणे जेवायला बसलेले असताना मी तिचा कोंबडीचा रस्सा मोरीत ओतला, तो रागाने नव्हे. तवंग जास्त होता. चार लोकांसमोर ओतला म्हणजे तिच्या लक्षात राहील, एवढाच हेतू. तिने रिकामे पातेले घासून पालथे घातले. पटले असावे.

१२ जून, बुधवार. रात्री जेवणानंतर.

सासरे पुना आबा यांचा निरोप आला. मुलगी पाठवायची की नाही हे आता बैठकीत ठरेल. श्रावणाच्या आत, आपल्या घरी. पंच म्हणून उखर्डू नाना. ते भावकीत सर्वांत मोठे, त्यांचा शब्द कोणी मोडत नाही.

मला आनंद झाला. बैठक म्हणजे चर्चा. चर्चेत शुद्ध बोलणारा माणूस जिंकतो.

आईला आनंद झाला नाही. ती म्हणाली, शिरा करू. आपल्या भावकीत बैठकीच्या जेवणाचा नियम आहे. सून परत नांदायला यायची असेल तर मुलाच्या घरी गोड करतात. तोडायचे असेल तर तिखट, म्हणजे मटण-कोंबडी, करतात. तिखट खाऊन पंच उठले की विषय संपला, पुन्हा कोणी काढायचा नाही.

मी विचारले, हे कुठे छापलेले आहे. ती म्हणाली, बठ्ठास्ले माहीत शे. मी म्हणालो, 'बठ्ठास्ले' नाही, 'सर्वांना'. आणि सर्वांना माहीत असते ते बहुतेक वेळा चूक असते. छापखान्यात आठ वर्षे खिळे जुळवून मला एवढे कळले आहे. लोक लग्नपत्रिकेवर स्वतःच्या मुलाचे नावसुद्धा चुकीचे लिहून आणतात.

शिवाय भांडण कोंबडीवरून झाले. मग ते शिऱ्याने कसे मिटेल? कोंबडीनेच मिटेल. साधे लॉजिक आहे. प्रमिलेला वाटते, हा नुसता नावे ठेवतो, याला करता काही येत नाही. तर मी करून दाखवीन. तिने कधी पाहिली नसेल अशी. बैठकीच्या दिवशी, सर्वांसमोर, माझ्या हाताने.

संकल्प पक्का. सही: अभिमन.

१६ जून, रविवार

हिलालकडे गेलो. हिलाल माझा आतेभाऊ. कुवेतला एका कंपनीच्या मेसमध्ये कुक होता, मागच्या वर्षी लढाई लागल्यावर अंगावरच्या कपड्यांनिशी परत आला. त्याच्याबरोबरचे सर्व कुक मनिलाचे, म्हणजे फिलिपाइन्सचे. तो त्यांच्या कोंबडीबद्दल नेहमी बोलतो, पण आतापर्यंत कोणी नीट ऐकले नव्हते. मी ऐकले.

मुख्य डिश: अडोबो. कोंबडी, व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, काळी मिरी, तमालपत्र. बस. काळा मसाला नाही, खोबरे नाही, तवंग नाही. सर्व एकदम पातेल्यात घालायचे आणि चाळीस मिनिटे. हिलाल म्हणाला, अरब लोक बोटे चाटत बसत.

तवंग नाही, हे ऐकूनच मला कळले की हीच.

आणखी दोन सांगितल्या. तिनोला, म्हणजे आले, कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला घालून पातळ. आणि आर्रोस काल्दो, म्हणजे कोंबडीतला मऊ भात. शब्द तीनदा विचारून घेतले. हिलाल वैतागला. म्हणाला, खायचे आहे की छापायचे आहे.

१९ जून, बुधवार

पहिली प्रॅक्टिस. परसातल्या चुलीवर, कारण आई घरातल्या चुलीवर कोंबडी चढवू देत नाही.

धरणगावात व्हिनेगर मिळाले नाही. त्याऐवजी लोणच्याच्या बरणीतले पाणी घेतले. सोया सॉस म्हणजे काय हे दुकानदाराला समजावले, तो म्हणाला तसले इकडे कोणी पीत नाही. त्याऐवजी काळा गूळ मिठाच्या पाण्यात विरघळवला. कोंबडा आईचा. आई नको म्हणत होती, पण ती कोणत्याही कोंबड्याला नकोच म्हणते.

निकाल: रंग उत्तम.

चव लिहीत नाही. साहित्य अस्सल नसताना चवीची नोंद करणे अन्यायाचे होईल. आईने एक घास खाऊन विचारले, हाई काय शे. शेजारच्या भागाबाईंच्या कुत्र्याने वास घेतला आणि तो बसून राहिला. कुत्र्यांना नवीन गोष्टींची भीती वाटते.

२३ जून, रविवार

पॅसेंजरने जळगावला गेलो. व्हिनेगर मिळाले. सोया सॉस चायनीजच्या गाडीवाल्याने अर्धी बाटली दिली. आता अस्सल.

दुसरा कोंबडा. चाळीस मिनिटे. चिवट. आणखी चाळीस. चिवट. आईची दाढ दुखायला लागली, ती आधीपासूनच हलत होती. संध्याकाळी हिलालला विचारले. तो म्हणाला, कुवेतची कोंबडी बर्फातून यायची, ती मऊच असते, हा तुमचा कोंबडा दिवसभर उकिरडा उकरणारा.

म्हणजे दोष कोंबड्याचा. चायनीज गाडीवाला म्हणाला होता की जळगावला ब्रॉयलर मिळते. बैठकीसाठी तीच आणायची. तोपर्यंत प्रॅक्टिस आईच्या कोंबड्यांवर.

छापखान्यात रुपचंदशेठनी विचारले की खिळ्यांना लसणाचा वास का येतो. ते लसूण खात नाहीत. मी म्हणालो, पाहुणे होते.

३० जून, रविवार

तिनोला. पपई कासारांच्या झाडाची, पाला आपल्याच शेवग्याचा. छान पातळ झाली. पंधरा दिवसांतला पहिला प्रोग्रेस.

पण भागाबाई वासाने भिंतीवरून डोकावल्या आणि त्यांनी विचारले, घरमा बायतीन कोन शे. शेवग्याचा पाला आणि पातळ पाणी आपल्याकडे बाळंतिणीला देतात. मी म्हणालो, कोणी बाळंतीण नाही, ही मनिलाची डिश आहे. त्यांनी विचारले, मनिला कोन.

मी आत निघून आलो. अशिक्षित लोकांशी वाद घालू नये.

३ जुलै, बुधवार

नशिराबादपर्यंत पोचले आहे की अभिमनच्या घरात मनिला नावाची बाई बाळंत झाली. पुना आबांनी हिलालकडे चौकशी केली. हिलालने खुलासा केला असे म्हणतो. हसत हसत केला असावा, कारण सांगतानाही हसत होता.

चौकशी केली म्हणजे काळजी आहे. काळजी आहे म्हणजे प्रमिला विचारत असणार.

७ जुलै, रविवार

आज धाडस केले. अडोबोचा डबा घेऊन नशिराबादला गेलो. बैठकीआधी नमुना पाठवलेला बरा. आपणही छपाईआधी प्रूफ दाखवतोच.

पुना आबा ओट्यावर होते. चहा दिला. प्रमिला शेतात गेली आहे म्हणाले. तिच्या चपला दारात होत्या, पण माणसाला दोन जोड असू शकतात. आतून बांगड्या वाजल्या. सासूबाईंच्या असतील. सासूबाई माझ्यासमोर ओट्यावर बसल्या होत्या, पण घरात इतरही बायका येतात-जातात.

आबांनी डबा मागच्या दाराने नेला आणि जरा वेळाने घासून परत दिला. मी विचारले, कशी होती. म्हणाले, बठ्ठी सरनी. सगळी संपली. तेवढ्यात मागून त्यांचा कुत्रा आला, ओठ चाटत. त्यालाही थोडी दिलेली दिसते. चांगल्या घरचे लोक जनावरांनाही वाटा देतात. आमच्याकडच्या कुत्र्यापेक्षा तो समजूतदार आहे.

निघताना आबा एवढेच म्हणाले, पोरीला विचारून बघितले, ती अजून नाही म्हणत नाही. बैठकीला नीट वाग.

नाही म्हणत नाही. हे वाक्य एसटीत मनात पुन्हा पुन्हा जुळवून पाहिले. दोन नकारांचा एक होकार होतो.

१० जुलै, बुधवार

आई म्हणते, नशिराबादला जा, तिच्यासमोर बस आणि चुकलो म्हण. एवढेच पुरे आहे, कोंबडी कापायची गरज नाही. मी म्हणालो, चुकलो हा नुसता शब्द आहे. शब्द मी रोज हजारो जुळवतो, त्यांना किंमत नाही. डिश म्हणजे कृती.

आईने कपाळाला हात लावला. तिला अलीकडे डोके दुखते.

आज तलंग कापली, अजून अंड्यावर न आलेली. परसात आता एकच कोंबडी आहे. ती मला पाहिली की भिंतीवर चढते.

२१ जुलै, रविवार

आईला ताप. अनायासे आर्रोस काल्दोची प्रॅक्टिस झाली. तांदूळ, आले, कोंबडी, खूप पाणी, मंद जाळ. शेवटी वरून तळलेला लसूण. शेवटची कोंबडी भिंतीवरून उतरवली.

आईने दोन वाट्या खाल्ल्या. तिसरी मागितली. मी तिच्यासमोर बसून राहिलो, कारण माझ्या हातचे कोणी दुसऱ्यांदा मागितल्याचे मी पहिल्यांदाच पाहत होतो. खाता खाता आई म्हणाली, हे तिला एकदा केले असतेस तर ती आखाजीला गेली तशी परत आली असती.

फेब्रुवारीत प्रमिलेला ताप होता. चार दिवस. तेव्हा तिने अंथरुणातून उठून भाकरी केल्या. एका भाकरीची कडा करपली होती, ती मी बाजूला काढून ठेवली, तिला दिसावी म्हणून. पण तेव्हा मला ही कृती माहीत नव्हती. जी गोष्ट माहीत नाही ती माणूस करू शकत नाही. त्याला माझा इलाज नाही.

आज जास्त लिहीत नाही.

२४ जुलै, बुधवार

बैठकीचा दिवस ठरला. रविवार, ४ ऑगस्ट.

हिलालच्या बायकोकडून कळले की हिलाल कुवेतला कुक नव्हता. भांडी घासायला होता. मी लगेच त्याच्याकडे गेलो. तो मुळीच लाजला नाही. म्हणाला, पातेल्याच्या तळाशी काय राहते त्यावरून सगळे कळते, कुकला तेवढे कळत नाही.

थोडा विचार केल्यावर हे मला पटले. प्रूफ तपासणाऱ्यालाही लेखकापेक्षा जास्त कळते.

३ ऑगस्ट, शनिवार

उद्याचे टाइम-टेबल:
पहाटे पॅसेंजर. जळगावहून ब्रॉयलर, साफ करून.
दहा वाजता चूल.
बारापर्यंत अडोबो तयार.
मग स्वच्छ सदरा.

आईने शेवटचे विचारले. रडलीसुद्धा. म्हणाली, एक वाटी शिरा तरी ठेव, नावाला. मी समजावले की अडोबोच्या आधी गोड खाल्ले तर जिभेवर पुट चढते आणि व्हिनेगर कळत नाही. ती म्हणाली, कळू नको दे व्हिनेगर, सून घरात येऊ दे.

आईची भाषा अलीकडे फार भावनिक झाली आहे.

४ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी.

सविस्तर लिहितो, कारण हा दिवस पुढे आठवावा लागेल.

कोंबडी अप्रतिम झाली. ब्रॉयलरला चाळीस मिनिटे बरोबर पुरली. हिलाल बरोबर होता. रंग गडद, रस आटून चकाकी आलेली, हाडापासून मांस आपोआप सुटत होते. तवंगाचा एक थेंब नाही. मी आजवर केलेल्या सर्व कामांत हे सर्वांत बिनचूक.

आईने मी आंघोळीला गेलो असताना शिरा करून परसात परातीत झाकून ठेवला होता. मला तुपाच्या वासावरून कळले. परात उचलून भागाबाईंना देऊन आलो. म्हणालो, तुमच्याकडेच राहू द्या. त्या मला बघतच राहिल्या.

मंडळी दीडला आली. उखर्डू नाना, पुना आबा, आणखी पाच-सहा जण, आणि स्टॅम्पपेपरवर लिहिणारा तोताराम. बायका मागच्या दाराने आत गेल्या. त्यांत प्रमिला होती. हिरवे लुगडे. जरा वाळली आहे. हातात मोठी कापडी पिशवी, फुगलेली. बहुधा धरणगावचा बाजार करून आली असावी, पण रविवारी बाजार नसतो. असो.

नाना ओट्यावर बसले. परसातून वास येत होता. त्यांनी विचारले, काय शिजतंय. मी म्हणालो, कोंबडी. नाना म्हणाले, बैठक आज आहे हे माहीत आहे ना तुला. मी म्हणालो, त्यासाठीच तर. त्यांनी विचारले, हे आईने करायला सांगितले, का तुझे तूच ठरवलेस. मी म्हणालो, आईचा विरोध होता, मी स्वतः ठरवले, स्वतः शिजवली, कोणाची मदत नाही. नाना म्हणाले, अरे, तिखट शिजवलेस, मग आता बोलायला काय राहिले. मी म्हणालो, नाना, बोलणे नंतर. आधी खाऊन तर बघा.

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. पुना आबांचा चेहरा पडला आणि मग एकदम कडक झाला. ते म्हणाले, पोराने स्वतःच मोकळे केले, मग आम्ही कशाला हात जोडू. वाढा.

मग जेवण. मी प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहत वाढत होतो. पहिला घास आबांनी घेतला. मग नानांनी. मग कोणी मान वर केली नाही. दुसऱ्यांदा घेतले, तिसऱ्यांदा घेतले. नानांनी हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवले आणि म्हणाले, पोरगा वाया गेला, पण कोंबडी शिजवावी तर यानेच.

मी या वाक्याचा पहिला भाग सोडून देतो.

वाढायला आत गेलो तेव्हा प्रमिला उंबऱ्याशी उभी होती. तिने कोंबडीची डेगची पाहिली. मग आईला हळू विचारले, गोडधोड काहीच नही का. आई पदराने तोंड दाबून परसात गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. आईच्या डोळ्यांत पाणी होते. लसणाचा वास डोळ्यांना झोंबतो.

जेवणानंतर मी डेगची घासत होतो, तेव्हा तोतारामने सहीला बोलावले. बैठकीत काही ठरले की कागद करतात, ही पद्धत चांगली. कागद वाचला. अक्षर गिचमिड आणि चुका फार. 'स्वखुशीने' मधला खु दीर्घ, 'उभयपक्षी' मधला क्षी ऱ्हस्व. मी सगळ्या दुरुस्त करून दिल्या, एक वाक्य नीट फिरवले, मग सही केली. तोताराम म्हणाला, असा कागद आजवर झाला नाही. खाली प्रमिलेने सही केली. वळणदार. सही तिला मीच शिकवली.

मंडळी उठली. प्रमिला पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर गेली. एकदम राहायला न येता पद्धतशीर येणार असेल. डेगची तळापर्यंत रिकामी होती. मला चाखायलाही उरली नाही. यापेक्षा मोठे सर्टिफिकेट नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

आई सकाळपासून परसात बसून होती. दुपारी बोलली. म्हणाली, त्या पिशवीत तिचे कपडे होते. ती राहायला आली होती. बापाला तिने समजावून आणले होते. गोड घास दिसला असता तर ती रात्री येथेच राहिली असती.

मी म्हणालो, आज नाही तर उद्या येईल. आई म्हणाली, काल काय लिहून दिलेस ते तरी माहीत आहे का. फारकत लिहून दिलीस.

कागदाचा मजकूर आठवून पाहिला. दुरुस्त्या सगळ्या आठवतात. मजकूर आठवत नाही. खिळे जुळवताना अक्षरे पाहायची, अर्थ पाहायचा नाही, नाहीतर हात मंदावतो. पहिल्याच आठवड्यात शेठनी शिकवले होते.

६ ऑगस्ट, मंगळवार

तोतारामकडे जाऊन कागद पाहिला. खरे आहे. 'यापुढे उभयपक्षी कोणताही संबंध राहिला नाही.' हे वाक्य मी फिरवलेले आहे. आधी ते फार ढिले होते.

मग उखर्डू नानांकडे गेलो. म्हणालो, गैरसमज झाला. नाना म्हणाले, तिखट खाऊन उठलो, आता मला या विषयावर तोंड उघडता येत नाही. मग जरा वेळाने त्यांनीच विचारले, त्यात आंबट काय घातले होतेस.

१८ ऑगस्ट, रविवार

श्रावण लागला. कोंबडी बंद. परसात आता कोणी नाही, चूल पावसाने खचली.

शांतपणे विचार केला. फारकत ही कागदावरची गोष्ट आहे. माझ्या हातची चव कागदावर नाही, ती पुना आबांच्या जिभेवर आहे. जीभ विसरत नाही. थोडा काळ जाऊ द्यावा.

या रोजनिशीत मी 'सौ. प्रमिला' असेच लिहीत राहीन.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. आई एकटीच फराळाचे करत बसली होती. कोणाला वाढायचे म्हणून विचारत नाही. मी हिलालकडून आणखी एक डिश उतरवून घेतली, टोमॅटो आणि बटाटे घालून. याही पातेल्याचा तळ त्याला चांगला आठवतो.

१५ डिसेंबर, रविवार

बातमी. प्रमिलेचा पाट लावणार आहेत, म्हणजे दुसरे लग्न. मुलगा चाळीसगावचा, रेल्वेत. पहिली बायको वारलेली. हिलालने सांगितले आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हणालो, चांगले आहे. तो म्हणाला, तुला काही वाटत नाही का. मी म्हणालो, ठरते ते सगळेच होते असे नाही. आमच्याकडे कितीतरी पत्रिका छापून पडून राहतात.

मात्र पाटाची पत्रिका छापत नाहीत.

२ फेब्रुवारी १९९२, रविवार

आज जे घडले त्याची मी सहा महिने वाट पाहत होतो.

पुना आबांचा निरोप. पुढच्या शनिवारी पाट. दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीसगावच्या पाहुण्यांना तिखट जेवण. बैठकीतली कोंबडी अजून सगळ्यांच्या तोंडात आहे. येऊन करून देशील का.

हिलाल म्हणाला, जाऊ नकोस, लाज काढायला बोलावतात. आई म्हणाली, गेलास तर पुन्हा माझ्या हातचे जेवू नको. दोघांनाही अर्थ कळलेला नाही. आबांना स्वयंपाकी कमी आहेत का? नशिराबाद एवढे मोठे गाव, हायवेवर ढाबेच ढाबे. त्यातून त्यांनी मला बोलावले. आबांना डबा घासून देणे जमते, असे निरोप सुचत नाहीत. हे प्रमिलेने सुचवले असणार. तिला ती चव पुन्हा हवी आहे. चाळीसगावच्या माणसासमोर तिला दाखवायचे आहे की आपण काय सोडले.

पाट लागला तरी ऐन वेळी काहीही होऊ शकते. मी तेथे असणे महत्त्वाचे.

होकार कळवला. व्हिनेगर दोन बाटल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

सदरा इस्त्री केला. सुऱ्या धार लावून घेतल्या. प्रमिला बोलली तर काय बोलायचे हे ठरवून ठेवले आहे. आधी मी काही बोलणार नाही. ती म्हणेल, तब्येत कशी आहे. मी म्हणेन, तुझी कशी आहे. मग ती मीठ पाहायला डेगचीपाशी येईल, तेव्हा मी म्हणेन, मुठीने घातले तरी चालते. हे वाक्य मी आठवडाभर घोटतो आहे. यात चुकलो हा शब्द नाही, पण अर्थ तोच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार. नशिराबाद स्टँडवर.

पाट काल लागला. मी सकाळी पोचलो. मांडवामागे चूल दिली.

कोंबडी बैठकीच्या दिवसासारखीच झाली. पंगती झाल्या. पाहुणे खुश. कोणी तरी विचारले, आचारी कुठला. आबा म्हणाले, धरणगावचा.

शेवटची पंगत उठल्यावर ती मागे आली. नवीन लुगडे, हातभर हिरवा चुडा. चेहरा भरलेला दिसला. डेगचीत डोकावली. मी उभा राहिलो. वाक्य तयार होते.

ती म्हणाली, भाऊ, तुम्ही जेवनात का?

साधे विचारले. टोमणा नव्हता. बाकी आचाऱ्यांना विचारतात तसे.

जेवलो म्हणालो.

ती बरं म्हणाली आणि पातेली उचलून घेऊन गेली.

धरणगावची गाडी साडेसातला आहे. काही खाल्लेले नाही.